सरमेचें गाऱ्हाणें

गेल्या उन्हाळ्यांत खान्देशांतून आम्हांस दोन पत्रें आलीं. एक जळगांवचें, दुसरें धुळ्याचें. दोन्ही पत्रें लिहिणाऱ्या भगिनी एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या, दोघींच्याहि घरीं पाळलेली कुत्री, आणि दोघींचीहि तक्रार एकच: कुत्री ओसरी ओली करते. असल्या विषयावर घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकानें पानें खर्चावीं काय, असें कोणी विचारील. मूत्र, ऋतु, गर्भाशय हे शब्द चारचौघांत उच्चारण्याचे नव्हेत, ही आपली जुनी समजूत. परंतु ह्याच समजुतीपायीं एके काळीं आपल्या घरच्या स्त्रियांचीं दुखणींहि माजघराच्या अंधारांत राहिलीं आणि कित्येकींस अकाळीं घेऊन गेलीं, हें आपण विसरलों नाहीं. जिला बोलतां येत होतें तिची ही गत, तर जिला वाचाच नाहीं तिची काय असेल? म्हणून ह्या महिन्याचीं आमचीं पानें आम्ही त्या दोन कुत्र्यांच्या दुखण्यास देत आहों.

जळगांवच्या पत्रांतील हकीकत अशी. मैना नांवाची गांवठी कुत्री, वय आठ वर्षें, एकदांहि व्यालेली नाहीं. वैशाखांत ती फार पाणी पिऊं लागली. जळगांवचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. पारा ४५ अंशांच्या घरांत गेला म्हणजे माणसेंहि माठाजवळून हलत नाहींत. त्यामुळें कोणास शंका आली नाहीं. पुढें ती रात्रीं ओसरीवर लघवी करूं लागली, आणि सासूबाईंच्या सोवळ्याला रोज पहांटे विघ्न येऊं लागलें. प्रथम तिला दटावलें, मग एकदोनदां मारलें, मग रात्रीं तिच्या पुढचें पाण्याचें भांडें उचलून ठेवण्यास सुरुवात झाली. “म्हातारी झाली, संवय बिघडली,” असें थोरल्या दिरांचें मत पडलें, आणि तिला गिरणेपलीकडे कोणाच्या मळ्यावर सोडून यावें असा विचार घरांत चालला. पत्राच्या शेवटीं धाकट्या सूनबाईंनीं सहज म्हणून दोन ओळी लिहिल्या होत्या: दोन दिवसांपासून ती भाकरीला तोंड लावीत नाहीं, आणि फाल्गुनांत ती माजावर आली होती.

त्या दोन ओळी वाचून आम्ही दचकलों. उत्तर टपालानें न धाडतां दूरध्वनीनें कळविलें कीं, पाण्याचें भांडें आधीं खालीं ठेवा, आणि तिला आजच पशुवैद्यांकडे न्या. सोनोग्राफींत गर्भाशय पुवानें भरलेला दिसला. त्याच सायंकाळीं शस्त्रक्रिया झाली आणि मैना वांचली. ती वांचली ह्याचें श्रेय सल्ल्यापेक्षां त्या सूनबाईंच्या आठवणीस अधिक आहे; माज केव्हां येऊन गेला हें घरांत दुसऱ्या कोणासहि सांगतां आलें नसतें.

ह्या रोगास डॉक्टर पायोमेट्रा म्हणतात. त्याचें मूळ कुत्रीच्या विशिष्ट शरीरधर्मांत आहे. कुत्री बहुधा वर्षांतून दोनदां माजावर येते. माज ओसरल्यावर, गर्भ राहो वा न राहो, गर्भाचें पोषण करविणारें प्रोजेस्टेरॉन नांवाचें द्रव्य तिच्या रक्तांत सुमारें दोन महिने टिकून राहतें. म्हणजे तिच्या त्रेसष्ट दिवसांच्या गर्भारपणाइतकेंच. त्याच्या अमलाखालीं गर्भाशयाचें अस्तर जाड होतें, त्याचें मुख मिटतें, आणि आंत शिरलेल्या जंतूंस घालवून देण्याची त्याची शक्ति मंदावते. तरुणपणीं हें निभावून जातें. परंतु दर सहासात महिन्यांनीं असें घडत जाऊन वय वाढलें म्हणजे अस्तर बिघडतें, आणि एरवीं आंतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु तेथें ठाण मांडतो. म्हणून हें दुखणें बहुधा माज संपल्यावर एकदोन महिन्यांनीं उपटतें. फाल्गुनांत माज आणि वैशाखांत दुखणें, हा मैनेचा हिशेब जुळला तो ह्यामुळें.

पण दुखणें गर्भाशयाचें आणि तहान कां लागावी? ह्या जंतूचें विष रक्तांतून मूत्रपिंडांपर्यंत पोंचतें. अंगांतील पाणी राखून ठेवावें अशी जी आज्ञा मेंदूकडून रक्तावाटे येते, ती मूत्रपिंडें मग पाळीनाशीं होतात. पाणी वाहून जातें म्हणून तहान लागते, आणि तहान लागते म्हणून ती पिते. फार प्यायली म्हणून फार लघवी होते असें आपण समजतों. खरा क्रम उलटा आहे. अशा वेळीं भांडें उचलून ठेवणें म्हणजे गळक्या रांजणांत पाणी ओतणें बंद करणें होय. गळती थांबत नाहीं, रांजण मात्र कोरडा पडतो.

बरोबर अन्नद्वेष, ओकाऱ्या, मरगळ, पोट सुटणें हीं लक्षणें दिसतात. योनिमार्गें घाण स्राव येत असला तर घरच्यांच्या ध्यानांत येतें. गर्भाशयाचें मुख घट्ट मिटलें असलें तर बाहेर कांहींच दिसत नाहीं, आणि तोच प्रकार अधिक घातक. हा रोग विरळा आहे असेंहि नाहीं. स्वीडन देशांत निरोगी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करण्याची रीत फारशी नव्हती. तेथील पशुविम्याच्या नोंदी तपासून २००१ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, दहा वर्षांची होईपर्यंत चौघींपैकीं जवळजवळ एकीस हा रोग गांठतो. खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय व अंडाशय काढून टाकणें. आणि तें जितकें लवकर तितकें बरें. येथेंच एक इशारा देऊन ठेवतों. माज लांबविण्यासाठीं किंवा नको असलेला गर्भ पाडण्यासाठीं हार्मोनचीं इंजेक्शनें देण्याची सोय कित्येकांस सुलभ वाटते. परंतु त्यांनीं ह्याच रोगाचा धोका वाढतो.

आतां धुळ्याचें पत्र. तेथील कुत्री लॅब्रडॉर जातीची, तीन वर्षांची, वजन तीस किलो. गेल्या वर्षीं तिची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. खाते, खेळते, पाणीहि बेताचें पिते. परंतु झोपून उठली कीं चटई ओली, आणि आपल्याकडून कांहीं घडलें आहे ह्याची तिला जाणीवहि नसते. शस्त्रक्रियेचा आग्रह सूनबाईंनीं धरला होता. तेव्हां प्रत्येक ओल्या चटईमागें त्यांस एक टोमणा ऐकावा लागे. “डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया बिघडविली काय?” असा त्यांचा प्रश्न होता.

शस्त्रक्रिया बिघडली नव्हती. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन हें द्रव्य अंगांत पुरेसें राहत नाहीं, आणि मूत्रमार्गाचें मुख आवळून धरणारे स्नायु कांहीं कुत्र्यांत सैल पडतात. जागेपणीं तें साधतें, गाढ झोपेंत सुटतें. स्वित्झर्लंडांत १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत चारशेंहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांची विचारपूस केली गेली. त्यांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा ह्या दोषानें ग्रस्त होता. वीस किलोंवरील कुत्र्यांत हें प्रमाण सुमारें ३१ टक्के, तर त्याखालील कुत्र्यांत ९ टक्के होतें. तेव्हां धुळ्याच्या त्या थोराड लॅब्रडॉरच्या वांट्यास हें आलें ह्यांत दोष ना डॉक्टरांचा, ना सूनबाईंचा. मूत्र तपासून जंतु किंवा खडा नाहीं अशी खात्री करून घेतली म्हणजे ह्यावर औषध आहे, आणि बहुतेक कुत्र्यांस तें लागू पडतें. मात्र पुष्कळदां तें दीर्घकाळ द्यावें लागतें.

ह्या दोन पत्रांवरून वाचक विचारतील, मग शस्त्रक्रिया करावी कीं न करावी? एकीला ती वेळेवर न झाल्यामुळें मरण दिसलें. दुसरीला ती झाल्यामुळें चटई भिजविण्याची व्याधि जडली. शास्त्रज्ञहि ह्या प्रश्नावर दीर्घकाळ झगडत आहेत. १९६९ सालीं कॅलिफोर्नियांत श्नायडर व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, पहिल्या माजापूर्वीं शस्त्रक्रिया केली तर स्तनाच्या गांठींचा धोका जवळजवळ नाहींसा होतो. पुढें २०१२ सालीं ह्या विषयावरील सर्व पुराव्यांची छाननी झाली, तेव्हां तो पुरावा समजला जातो तितका भक्कम नाहीं असें परीक्षकांनीं नमूद केलें. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतीलच हार्ट दांपत्य व त्यांचे सहकारी ह्यांनीं ३५ जातींच्या कुत्र्यांच्या नोंदी पाहून सांगितलें कीं, योग्य वय जातीगणिक निराळें. आमच्या गांवठी कुत्र्यांस विलायती जातींचे आंकडे जसेच्या तसे लावतां येणार नाहींत, हें उघड आहे. तथापि एवढें खचित म्हणतां येतें कीं, जिच्यापासून पिलें नको आहेत अशा कुत्रीस वार्धक्यापर्यंत माज घेत राहूं देणें हें निरुपद्रवी नव्हे. मोठ्या अंगाच्या कुत्रीचें वय पाहून, लहान अंगाच्या कुत्रीचें लवकर, असा निर्णय पशुवैद्यांच्या सल्ल्यानें करावा. आणि दोन्ही बाजू आधीं विचारून घ्याव्या, म्हणजे मागाहून सुनेवर खापर फुटत नाहीं.

तिसराहि एक ओलावा आहे. कुत्री वारंवार बसते, प्रत्येक वेळीं थेंब दोन थेंब होतात, कुंथते, कधीं रक्त दिसतें. हा बहुधा मूत्राशयाचा दाह किंवा खडा. कुत्रीचा मूत्रमार्ग कुत्र्यापेक्षां आंखूड व रुंद असल्यामुळें जंतूंस वाट सोपी पडते. थोडक्यांत, पुष्कळ पिऊन पुष्कळ होणें, झोपेंत नकळत होणें, आणि घडीघडीस थोडें थोडें होणें, ह्या तीन गोष्टी फरशीवर सारख्याच दिसतात, पण त्या एक नव्हेत. पहिलींत मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा विकारहि असूं शकतो. निवाडा डॉक्टरांनीं करावयाचा. परंतु त्यांस लागणारी साक्ष मात्र घरांतच मिळते.

ती साक्ष ठेवण्यास खर्च कांहीं नाहीं. सकाळीं मापानें भरलेलें पाणी तिच्या पुढें ठेवावें, दिवसभर मापूनच भर घालावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरलेलें मोजावें. तेवढा दिवस तिला सावलींत ठेवावें व दुसरीकडे पाणी मिळूं देऊं नये. वजनाच्या दर किलोमागें शंभर मिलिलिटरांहून अधिक पाणी लागलें, म्हणजे पंधरा किलोंच्या कुत्रीस दीड लिटरांहून जास्त, तर त्याचें खापर एकट्या खान्देशच्या उन्हावर फोडूं नये. दुसरें, माजाची तारीख दिनदर्शिकेच्या समासांत टिपावी. घरांतील शाळकरी मुलांस हें काम आनंदाचें होईल. आणि माणसांसाठीं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तिला कदापि देऊं नयेत.

असल्या टिपणांस हंसूं नये. स्वीडनचें तें संशोधन विम्याच्या साध्या नोंदींतूनच उभें राहिलें. आपल्याकडे कुत्र्यांचा माज भाद्रपदांतला, असें लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. २००२ सालीं जयपूरच्या रस्त्यांवरील कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यांतहि त्यांचा ऋतु पावसाळ्याच्या अखेरीसच आढळला. महाराष्ट्रांत शास्त्राची साधनें नाहींत असें नाहीं. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं परळ येथें सुरू झालें. २००० सालापासून नागपूरचें महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि पशूंचे स्त्रीरोग व प्रसूति हा पशुवैद्यकाच्या शिक्षणांतील स्वतंत्र विषय आहे. परंतु त्या विद्येचा आरंभ झाला घोडे आणि गुरें ह्यांच्यासाठीं. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या कापूसकरी खान्देशांतहि ढोरांचा डॉक्टर म्हणजे गाईबैलांचा, ही समजूत अजून आहे. कुत्रीस त्यांच्याकडे न्यावयास कोणास संकोच वाटूं नये. रस्त्यावरील कुत्र्यांसाठीं २००१ सालीं केंद्र सरकारनें निर्बीजीकरणाचे नियम केले, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे आले. ज्या बेवारशी कुत्रीवर ती शस्त्रक्रिया नीट होते तिचा ह्या पुवाच्या दुखण्याचा धोका जवळजवळ टळतो. घरांत पाळलेलीला निदान तेवढें तरी मिळावें.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमा नांवाच्या देवशुनीची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तिचें पोर गेलें असतां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. त्यानें हवीकडे पाहिलें नव्हतें कीं तें चाटलें नव्हतें. सरमा सत्रांत येऊन एवढेंच विचारती झाली कीं, माझ्या पोराचा अपराध काय? भाऊ निरुत्तर राहिले, आणि तिनें शाप दिला. वैश्वदेवांत श्वानास अन्नाचा भाग ठेवणाऱ्या आपल्या घरांत तो प्रश्न आजहि विचारण्याजोगा आहे. स्वच्छ संवयीची कुत्री एकाएकीं ओसरी ओली करूं लागली तर काठी हातीं घेण्यापूर्वीं दिनदर्शिका पाहावी, आणि पाण्याचें भांडें न उचलतां तिला उचलून डॉक्टरांकडे न्यावें. फरशी पुसतां येते. गेलेला दिवस परत आणतां येत नाहीं.