विश्लेषण : ट्राममुळे अलिबागला गेलेली वेधशाळा मोबाइलच्या रचनेबद्दल काय सांगते?

मे 2024 मध्ये सुमारे दोन दशकांतले सर्वांत तीव्र सौरवादळ पृथ्वीवर आदळले. अशा वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती हलते, हे रायगड किनाऱ्यावरची अलिबागची चुंबकीय वेधशाळा मोजते. ती अलिबागला आली तीच विद्युतचुंबकीय व्यत्ययामुळे.

मुंबई का सोडावी लागली?

आधी ही मोजमापे कुलाबा वेधशाळेत होत. सप्टेंबर 1859 च्या महावादळाची गाजलेली नोंद तिथलीच. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार, हे स्पष्ट झाले. ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांतून परतताना जमिनीत पसरतो आणि सूक्ष्म नोंदी बिघडवतो. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 मध्ये अलिबागला पोरबंदरी दगडात नवी वेधशाळा उभी राहिली. या दगडात चुंबकीय गुण नाहीत. जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले. ट्राम 1907 मध्ये धावली.

मोबाइलची अडचण काय?

वेधशाळेला दूर जाता आले. मोबाइलमध्ये मात्र प्रोसेसर, चार्जिंगचे सर्किट आणि अँटेना अगदी शेजारी असतात. जीपीएसचा क्षीण संदेश सुमारे 20 हजार किलोमीटरवरून येतो. शेजारच्या सर्किटमधल्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात तो सहज बुडतो. यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क लावल्यावर वायरलेस माऊस अडखळतो, तोही याच कारणाने.

उपाय कोणते?

गोंगाट उगमापाशीच अडवणे. त्यासाठी चिपवर धातूचे झाकण बसवतात, वीजमार्गात कॅपॅसिटर आणि फेराइट लावतात. सर्किट बोर्डात तांब्याचा अखंड थर देतात, म्हणजे प्रवाह जवळच्या वाटेने परततो, भरकटत नाही. ट्रामचा त्रासही भरकटलेल्या परतीच्या प्रवाहाचाच होता. ही काळजी रचनेच्या सुरुवातीलाच घेणे स्वस्त पडते. तयार उपकरणात दुरुस्ती महाग जाते.

आज हा प्रश्न का महत्त्वाचा?

जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई आणि रायगड आणखी जवळ आले आहेत. वाहने, लोखंडी बांधकामे, विजेच्या वाहिन्या वेधशाळेजवळ वाढल्या, तर शतकाहून जुन्या नोंदींना धोका आहे. उपग्रह आणि वीजजाळ्यांना सौरवादळाचा किती धोका आहे, हे अशाच नोंदींवरून कळते. 1904 मध्ये दूर जाणे हा उपाय होता. दर वेळी तो शक्य होईलच असे नाही.