त्यांचा पत्ता आपल्याकडे आहे का?

जून उजाडला की कोल्हापुरात नवी मुलं येतात. आजरा, गडहिंग्लज, चंदगडची येतात, तशी घाट चढून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणचीही येतात. कॉट बेसिसवरची जागा, मेस, क्लासची फी, गावी जायची एसटी, सगळं घरचे ठरवून देतात. यांतल्या कॅथलिक मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कुणीच ठरवत नाही, ती म्हणजे इथल्या धर्मग्रामाशी त्यांची ओळख. गावच्या फादरांना वाटतं, मुलगा कोल्हापूरला गेला. कोल्हापूरच्या फादरांना तो आल्याचा पत्ताच नसतो. गावी वेदीसेवक असलेला मुलगा दिवाळीपर्यंत रविवारची मिस्सा विसरतो आणि मग आपण परिसंवाद भरवतो: ‘आधुनिक युग आणि तरुणांची श्रद्धा’.

हे दोन धर्मप्रांतांच्या सीमेवरचं दुखणं आहे, असंही म्हणता येत नाही. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे एकाच बिशपांच्या देखरेखीखाली आले. सावंतवाडीहून कोल्हापूरला आलेला विद्यार्थी आपलं घर सोडतो, धर्मप्रांत सोडत नाही. तरीही तो आपल्या हातून निसटत असेल, तर दोष मोबाईलला देऊन भागणार नाही.

विद्यार्थी घडतो तो कुणाच्या सोबतीनं, हे कोल्हापूरला बाहेरून शिकवावं लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य, ख्रिस्ती अशा अनेक समाजांतल्या मुलांसाठी इथे वसतिगृहं उभी राहिली. शाळा-कॉलेजात नाव घातलं म्हणजे खेड्यातलं पोर शिकतंच असं नाही. त्याला निवारा, जेवण आणि पाठीवर हात ठेवणारं माणूस लागतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. श्रद्धेचं गणितही वेगळं नाही.

आपल्या परंपरेतही याचा पुरावा आहे. १५२९ साली पॅरिस विद्यापीठातल्या सेंत-बार्ब कॉलेजात तिघे जण एका खोलीत राहत होते. पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे तेवीस वर्षांचे, तर इग्नेशियस लोयोला चाळिशीच्या उंबरठ्यावरचे. फेबर इग्नेशियसना अभ्यासात मदत करत. झेवियर महत्त्वाकांक्षी होते, त्यांना मोठं पद हवं होतं, आणि इग्नेशियसचं बोलणं त्यांना सुरुवातीला रुचत नव्हतं. इग्नेशियसनी त्यांच्यावर प्रवचनांचा मारा केला नाही. पैशांची ओढाताण झाली तेव्हा मदत केली आणि काही वर्षं वाट पाहिली. १५३४ मध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर या मित्रांनी एकत्र व्रत घेतलं आणि १५४२ मध्ये झेवियर गोव्यात उतरले. ही कथा आपण सणाच्या प्रवचनात सांगतो, पण तिच्यातली खोली, पैशांची चणचण आणि वाट पाहणं गाळून सांगतो. विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्यांना नेमकं तेच उपयोगाचं आहे.

आता काही कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट शंकांची. आपल्या बहुतेक मुलांचं धर्मशिक्षण दृढीकरण संस्कारापाशी थांबतं, विज्ञान मात्र पुढे चालूच राहतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा उत्पत्तीच्या पुस्तकाविषयी प्रश्न विचारतो, तेव्हा त्याची श्रद्धा डळमळलेली असतेच असं नाही. ती मोठी होऊ पाहत असते. महास्फोटाच्या सिद्धान्ताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल मठवासी होते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘असं विचारू नये’ हे उत्तर एकदा मिळालं की तो पुन्हा विचारायला येत नाही. ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही, तिथे ‘पुढच्या आठवड्यात वाचून सांगतो’ म्हणावं आणि खरोखर वाचावं.

दुसरी गोष्ट रात्रीची. गावच्या घरात संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणतात. खोलीवर रात्र मोबाईलच्या उजेडात सरते. बंदीचे उपदेश ऐकून मुलं मान हलवतात आणि रील पुढे सरकवतात. त्यापेक्षा इग्नेशियसनी घालून दिलेलं रोजचं आत्मपरीक्षण शिकवा: झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं दिवसाकडे वळून पाहणं, कशाबद्दल आभार मानायचे, कुठे चुकलो, उद्या काय करायचं. त्याला पुस्तक लागत नाही आणि चारचौघांच्या खोलीतही ते जमतं. परंतु मूल झोपत नसेल, जेवत नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर ‘प्रार्थना वाढव’ एवढंच सांगून त्याला परत पाठवणं हा गुन्हा समजावा. पापनिवेदन ही वैद्यकीय उपचाराची जागा नव्हे. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर असावा आणि सोबत डॉक्टरकडे जाणारं माणूसही असावं.

तिसरी गोष्ट हाताला काम देण्याची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला वादसभेत टोमणा ऐकावा लागला: तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं? त्यानं मित्र जमवले आणि त्यातून सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी जन्मली. गरिबाच्या घरी कसं जावं, हे त्या मुलांना सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकवलं. आपल्या धर्मभगिनींनी हे नाव लक्षात ठेवावं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं कोल्हापूरला वेढलं होतं. पूर ओसरल्यावरही कामं संपत नाहीत: सीपीआर रुग्णालयात नातेवाइकांविना पडलेले रुग्ण आहेत, ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. तिथे हिंदू, मुस्लिम, जैन मित्रांना बरोबर घेऊन जावं आणि धर्मांतराचा कसलाही छुपा हेतू मनात ठेवू नये. वर्गात एकटाच कॅथलिक असलेल्या मुलाला आपल्या श्रद्धेविषयी दबून राहावं लागू नये आणि ओरडून सांगावंही लागू नये, इतका आत्मविश्वास अशा कामातून येतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या ‘ख्रिस्तुस व्हिविट’ या पत्रात तरुणांमधल्या कार्याची सूत्रं तरुणांच्याच हाती देण्याचा आग्रह धरला. आपण त्यांच्या हाती कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या देतो. गट कधी भरवायचा, काय वाचायचं, हे त्यांना ठरवू द्या. आपण बसायला जावं.

तेव्हा तीन कामं करा. गावच्या धर्मग्रामांनी कॉलेजला निघालेल्या मुलांची नावं, त्यांच्या संमतीनं, कोल्हापूरला कळवावीत. कोल्हापूरकरांनी रविवारी संध्याकाळी मिस्सा ठेवता येते का ते पाहावं, कारण सकाळी क्लासच्या परीक्षा असतात. आणि ऑगस्टच्या आत प्रत्येक मुलाला कुणीतरी एकदा जाऊन भेटावं, मेसमध्ये त्याच्यासोबत जेवावं. परिसंवाद त्यानंतर भरवला तरी चालेल.