शहाणीने कोर्टाची पायरी चढावी

माझी मामेबहीण पाच वर्षांपासून संग्रामपूर तालुक्यात माहेरी आहे. नवरा भिवंडीला. ना खर्च, ना फोन. रमजान ईदनंतर मामूंनी जमातीच्या चार बुजुर्गांना घरी बोलावलं. चहा झाला आणि टाइप केलेला कागद पुढे आला : मी स्वखुशीने खुला मागते, मेहर माफ करते, इद्दतचा आणि मुलीचा खर्च मागणार नाही. "सही कर बेटी, इज्जतीत सुटशील. कोर्टात गेलीस तर म्हातारी होशील."

मीही तिथेच बसलो होतो आणि अर्धा तास गप्प होतो, हे आधी कबूल करतो.

खुला म्हणजे काय, हे त्या चौघांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. साबित बिन कैस यांच्या बीवीने रसूलल्लाहंना सांगितलं होतं की, नवऱ्याच्या दीनात किंवा अखलाकात खोट नाही, पण मला राहायचं नाही. मेहरमध्ये मिळालेली बाग तिने परत केली आणि सुटली. इथे बाग कुठे आहे? पाच वर्षं बायको-लेकीला उपाशी ठेवणाऱ्याला काय परत करायचं? कसूर त्याचा आणि सुटकेची किंमत हिने भरायची, याला मी खुला म्हणत नाही.

नवऱ्याचा कसूर असेल तर फस्खचा रस्ता आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने तो कोर्टात आणला. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं पत्ता नाही, छळ केला, तर बाई स्वतः दावा लावू शकते. नवऱ्याची मंजुरी लागत नाही. आणि याच कायद्याचं कलम ५ म्हणतं की निकाह तुटला तरी तिचा मेहरचा हक्क अबाधित राहतो. जमातीच्या कागदात नेमका हाच हक्क जातो. मुलीच्या खर्चावर पाणी सोडायचा अधिकार तर आईलाही नाही.

"हा इंग्रजांचा कायदा" असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास वाचावा. हनफी फिकहमध्ये बाईला सुटायला वाट फार अरुंद होती, म्हणून काही बायका निकाह तोडण्यासाठी इस्लामच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मजहबचा आधार घेऊन वाट मोकळी केली आणि काजमी नावाच्या मुसलमान सदस्यानेच हे बिल मांडलं.

आता "म्हातारी होशील" याबद्दल. ही गोष्ट खोटी नाही. भिवंडीला गेलेली नोटीस "पत्त्यावर मिळून आला नाही" म्हणून परत येते. पुढची तारीख. एसटीचं भाडं, कापूस वेचणीची बुडालेली मजुरी, आणि दुपारी कळतं की साहेब रजेवर. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. त्या "शक्यतो"मध्ये किती बायकांची उमर गेली! नागपूरहून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात अर्ज २०१३ चा, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०२० चा. पण त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायचं ठरवलं. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितकं नुकसान तिचंच. पोटगीचा अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात चालतो, भिवंडीला जावं लागत नाही. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

नवरा हजर झालाच तर "मी कधीच तलाक दिलाय" म्हणेल, हेही ठरलेलं. २००२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात सांगितलंय की नुसतं तसं म्हणून भागत नाही. कारण काय, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सगळं सिद्ध करावं लागतं. आणि तलाक सिद्ध झाला तरी फौजदारी कायद्याखालची पोटगी चुकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

सही झाली नाही. कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि चौघांना विचारलं : त्याने पाच वर्षांत एक रुपया पाठवला नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? सगळे हो म्हणाले. मग हेच कोर्टात शपथेवर सांगाल? मुनसफ व्हायला तुम्ही तयार होता, गवाह व्हायला काय हरकत आहे?

एकाचे गुडघे दुखतात. दोघांनी अस्रची वेळ झाली म्हणून चपला घातल्या. चौथ्याने दुसऱ्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स आणून दिली. दाव्यातल्या साक्षीदारांच्या यादीत सध्या त्यांचं एकट्याचं नाव आहे.