तुळशीवृंदावनाचा नवा साज

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन अंगणात उतरले, की पांढुर्णा-सौंसरकडील आपल्या घरांतून दिवाळीच्या रंगसफेदीची लगबग सुरू होते. भिंती उजळतात, दारे चकाकू लागतात, आणि मग अंगणातील जुने तुळशीवृंदावन एकदम डोळ्यांत भरते. कडा झिजलेल्या, कोनाड्यात काजळी, रंगाचे पोपडे सुटलेले! कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागायची. तेव्हा नवे तयार वृंदावनच आणावे, असे तरुण मंडळी सुचवितात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला. सीमा बदलल्या, तरी वडीलधाऱ्यांनी जेथे सांजवात लावली ती जागा घराने सोडली नाही. ते वृंदावन मोडीत काढण्यापूर्वी घरात उरलेल्या रंगाचे डबे एकदा उघडून पाहावेत, असे आम्ही सुचवितो.

प्रथम वृंदावन चांगले वाळू द्यावे. ओलसर विटांवर ऑइल पेंट दिला, तर आतील ओल बाहेर पडू पाहते आणि वर्षभरातच रंगाला फोड येतात. चुना किंवा गेरू मात्र ओल कोंडून ठेवीत नाही; म्हणून ज्यावर पूर्वी तेलाचा रंग नाही, अशा वृंदावनास तोच बरा. भेगा सिमेंटने बुजवून त्या पुरत्या सुकू द्याव्यात. डब्यातील रंगावर साय धरली असल्यास ती काढून टाकून रंग जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळावा. ऑइल पेंट टर्पेंटाइनने पातळ करावा. पाण्याचा रंग त्यात कधीही मिसळू नये. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात. रंग थोडाच असेल, तर तो कडा, कोनाडा आणि नक्षी यांपुरता राखून बाकीचा भाग गेरूने सारवावा.

परंतु एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. जुन्या काळच्या तेलाच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्या छटांत, शिसे असण्याचा संभव असतो. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून त्यापूर्वीचा अथवा चिठ्ठी नसलेला डबा वृंदावनास वापरू नये. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलास तर मुळीच नाही. जुने पोपडेही कोरडे खरवडू नयेत. कुंडीतील माती झाकावी, खाली कागद पसरावा, पाणी मारून मग घासावे, आणि निघालेला चुरा जाळू नये की मातीत मिसळू नये. मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. पोराला खोकला झाला, की आपण याच तुळशीची पाने खुडून काढा करतो, हे विसरून कसे चालेल?

एवढी काळजी घेतली, तर दोन सकाळींत काम उरकते. मग पायाशी रांगोळी काढावी, उसाचा मांडव उभारावा, आणि यंदाचे लग्न त्याच जुन्या अंगणात, त्याच जुन्या वृंदावनापाशी लागू द्यावे.