पाचवीचं नाव

गेल्या आठवड्यात आमच्या घरात एका कागदावरून अबोला झाला. कागद तसा साधाच, चेंबूरच्या एका संस्थेच्या समूहगान स्पर्धेचा फॉर्म. पण त्यावर नावं लिहायला ओळी चार, आणि आमच्या वसाहतीतल्या गाणाऱ्या मुली पाच! माझी लेक आठवीत आहे. ती आणि तिच्या चार मैत्रिणी यंदा गणपतीत मांडवात गायल्या, टाळ्या मिळाल्या, आणि तेव्हापासून पाचही जणी स्वतःला 'बँड' म्हणवून घेतात. (वाद्यं म्हणाल तर एक पेटी, तीही माझ्या सासूबाईंची. पण बँड!) परवा दुपारी चौघी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पाचवी बरोबर नव्हती. लेक म्हणाली, "आई, तिचा सूर नेहमी खाली जातो. तूच सांग ना तिला, यंदा नको म्हणून."

मी काही बोलले नाही, मेथी निवडत राहिले. पण मन थेट 2002 सालात जाऊन पोचलं होतं.

तुमच्यापैकी ज्या तेव्हा शाळा-कॉलेजात होत्या, त्यांना 'विवा' आठवत असेलच. चॅनल व्ही वाहिनीवर 'कोक व्ही पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम लागायचा. शहराशहरांतून चाचण्या घ्यायच्या, शेवटी पाच मुली निवडायच्या आणि त्यांचा एक गायनाचा गट बांधायचा, असा तो प्रकार. निवडही कॅमेऱ्यासमोर आणि रडारडही कॅमेऱ्यासमोर. ही कल्पना मूळची न्यूझीलंडची. तिथे 1999 साली 'ट्रूब्लिस' नावाचा मुलींचा गट असाच टीव्हीवर जन्माला आला आणि पहिल्याच गाण्यानं त्या देशात पहिला क्रमांक पटकावला. मग ते बियाणं देशोदेशी गेलं. आपल्याकडे निवडल्या गेल्या त्या सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्रा, नेहा भसीन, अनुष्का मनचंदा आणि महुआ कामत. कामत आडनावामुळे महुआला आमच्या शेजारच्या काकूंकडून जरा जास्तच माया मिळायची!

त्यांचं 'हम नये गीत सुनायें' आलं आणि जिकडेतिकडे तेच. सिनेमा नाही, नायक नाही, कुणाच्या लग्नाची वरात नाही. पाच मुली स्वतःच्या नावानं गात होत्या. आज याचं काही वाटणार नाही, पण मानखुर्दच्या महाराष्ट्र नगरात राहणाऱ्या दहावीतल्या मुलीला ते फार मोठं वाटलं. आमच्याकडे केबल नव्हती. त्या काकूंकडे पापड लाटायला मदत करायच्या निमित्तानं जायचं आणि डोळे टीव्हीवर ठेवायचे. पाच जणींनी पैसे गोळा करून चेंबूर स्टेशनजवळून कॅसेट आणली, आणि ती इतकी वाजवली की फीत सारखी बाहेर यायची आणि पेन्सिल घालून गुंडाळावी लागायची. हो, आम्हीही पाच जणी होतो. आमचाही गट झाला होता. त्याबद्दल पुढे सांगते.

'विवा'चं मात्र लवकरच आटोपलं. 2003 साली 'विवा रीलोडेड' ही दुसरी ध्वनिफीत आली, तोवर महुआ बाहेर पडली होती आणि गाणाऱ्या चौघीच उरल्या होत्या. पहिल्या गाण्यासारखं काही पुन्हा जमलं नाही आणि 2005च्या सुमारास गट मिटला. म्हणजे तीनेक वर्षांचा कारभार!

लोक म्हणतात, एकाच गाण्याची पुण्याई, दुसरं काय. मला ते पटत नाही. तुम्हीच विचार करा, एकमेकींना न ओळखणाऱ्या पाच जणींना पाच जावांसारखं एका चुलीपुढे आणून बसवलं आणि पहिला स्वयंपाक साऱ्या देशानं जेवून वाखाणला. पण ही चूल मांडली होती वाहिनीनं. वाहिनीला पुढच्या वर्षी नवी चूल मांडायची होती. तशी ती मांडलीही. 2003 साली दोन मुलगे आणि दोन मुली घेऊन 'आसमा' हा गट निघाला, त्यांचं 'चंदू के चाचा' गाजलं, आणि तोही गट फार टिकला नाही. 2004 साली 'इंडियन आयडॉल' सुरू झालं, आपला अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला, आणि सगळ्यांची नजर एकट्यानं सिनेमाची गाणी गाणाऱ्यांवर गेली. कॅसेट-सीडीचा धंदाही बसत चालला होता. अशा दिवसांत पाच जणींचा प्रपंच एका गाण्यावर कसा चालायचा?

इंग्लंडातही हेच घडलं होतं. 'हिअरसे' नावाच्या गटाच्या पहिल्या गाण्याच्या 2001 साली एकाच आठवड्यात 5 लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि 2002च्या ऑक्टोबरात गट मोडलासुद्धा. त्यातली किम मार्श दोन मुलांची आई होती. ती आधीच, जानेवारीत बाहेर पडली. पुढे 2006 पासून तिथल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेत तिनं वर्षानुवर्षं काम केलं. मालिकेवरून आठवलं, आपल्या 'अनुपमा'मधला तो वनराज ठाऊक आहे ना? ते काम 2024पर्यंत केलेले सुधांशु पांडे त्याच काळातल्या 'अ बँड ऑफ बॉइज' या पाच मुलग्यांच्या गटात होते. आशाताई भोसल्यांचा नातू चिंटू भोसलेही त्याच गटातला. वनराजला गाताना पाहिलंत तर माझ्यासारख्या तुम्हीही हसाल.

'विवा'च्या मुलीही घरी बसल्या नाहीत. नेहा भसीन दक्षिणेकडच्या भाषांतून गायली. मग 2016 साली 'सुलतान'मधलं 'जग घूमेया' तिनं गायलं आणि त्यावर हिंदीचा फिल्मफेअर मिळवला. मधे किती वर्षं गेली पाहा, चौदा! अनुष्का सिनेमात गायली, आणि आता 'किस नुका' या नावानं स्वतःचं संगीत स्वतःच तयार करते. 'आसमा'मधली नीती मोहन तर आज घरोघरी माहीत आहे.

आता आमच्या पाच जणींचं सांगते. 2002च्या गणपतीत आम्ही गायलो, आणि अगदी 'विवा'सारखं, पुढच्या वर्षी चौघीच उरलो. फरक इतकाच की आमची पाचवी स्वतःहून गेली नव्हती. तिच्या वडलांची नोकरी सुटली होती आणि ती घरी मणी ओवायचं काम करू लागली होती. माल द्यायची वेळ चारची. आम्ही तालमीची वेळ ठेवली, तीही चारची. वेळ मीच ठरवली होती. "तिला वेळच नसतो" असं आम्ही एकमेकींना सांगत राहिलो, तिला कुणी विचारलं नाही. नवरात्रात आम्ही चौघी गायलो तेव्हा धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती समोर उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. आजही भाजीबाजारात भेटते. मुलांची चौकशी करते, भाव सांगते. गाण्याचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

म्हणून मी लेकीला म्हटलं, "मी सांगणार नाही. नको असेल तर चौघींनी तिच्या घरी जाऊन तिच्या तोंडावर सांगा, खरं कारण सांगा, आणि फॉर्म भरायच्या आधी सांगा." लेक रुसली. अबोला तो हाच.

सासूबाई इतका वेळ जपमाळ ओढत सगळं ऐकत होत्या. त्यांचं भजनी मंडळ बावीस वर्षं चाललंय. एकही गाणं गाजलेलं नाही, कधी टीव्हीवर गेलेल्या नाहीत, पण दर एकादशीला बाराजणी हजर. त्या म्हणाल्या, "बोलाव सगळ्यांना. पेटीवर बघू." पाचही जणी आल्या. मुली मोबाइलवरचं गाणं जसंच्या तसं काळी पाचमध्ये ओढत होत्या. सासूबाईंनी पट्टी काळी चारवर आणली, आणि पाचवीचा आवाज एकदम जागेवर बसला! "तिचा सूर नाही गं पडत, तुमची पट्टीच वर चढवून ठेवलीय," म्हणाल्या. तुमच्याही घरी मुली गात असतील तर हे जरूर करून पाहा. वरच्या सुरांना सूर पडतोय असं वाटलं की मुलीला बोल लावायच्या आधी पट्टी दोन पायऱ्या उतरवा. मंडळात तर जिचा आवाज सगळ्यांत खालचा आणि जिचा सगळ्यांत वरचा, त्या दोघींना झेपेल ती पट्टी ठरवतात, मग बाकीच्यांना ती आपोआप झेपते.

पण गंमत अशी की या नव्या पट्टीत खालचे सूर माझ्याच लेकीला लागेनात! आता तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला आहे.

संस्थेला मी फोन केला. चारच नावं का, तर माईक चार आहेत म्हणून. एका माईकवर दोघी गायल्या तर चालेल का, असं विचारलंय. शनिवारपर्यंत सांगतो म्हणाले, आणि शनिवार हाच शेवटचा दिवस. फॉर्म फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला आहे. काल रात्री पाहिलं तर लेकीनं तीन नावं लिहिली होती. चौथी ओळ कोरी होती. त्या तीन नावांत तिचं स्वतःचं नाव नव्हतं, आणि पाचवीचंही नव्हतं.

तुमच्या घरी असा फॉर्म आला असता तर तुम्ही काय केलं असतंत? सवडीनं का होईना, मला जरूर कळवा.