माज थांबत नाही

दवाखान्यासमोरचा लोखंडी खोडा अजून जागेवर आहे. जनावरांची अंगं घासून घासून आडव्या नळ्यांचा रंग कधीच गेलाय, लोखंड नुसतं लकाकतंय. दाराला मात्र कुलूप. शेजारी डकवलेल्या कागदावर दोन ओळी: जनावरे तालुक्याच्या दवाखान्यात आणावीत, तातडीसाठी 1962. मंगळवारी सकाळी दोन गाईंवर घर चालवणाऱ्या एक मावशी तो कागद वाचून गाय माघारी घेऊन गेल्या. तालुका चौदा किलोमीटर. टेम्पोवाल्याने जाऊन-येऊन बाराशे सांगितले.

या सदरात गोठा नवा नाही. पण या आठवड्यात दुसरं काही सुचतच नाही.

दवाखाना बंद पडायला दर वेळी आदेश लागतोच असं नाही. जागा रिकामी होते, शेजारच्या डॉक्टरांकडे 'अतिरिक्त पदभार' जातो, मग आठवड्यातले दोन दिवस, मग एक, मग कुलूप. पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक हवा, असं राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 सालीच सांगून ठेवलंय. 1962 वर बोलावायच्या फिरत्या पथकाचा निकष एक लाख जनावरांमागे एक गाडी असा आहे. ती गाडी दवाखान्याला जोड म्हणून आली. दवाखान्याच्या बदली ती चालवणं हा अन्याय आहे, गाडीतल्या डॉक्टरांवरसुद्धा.

मोडलेल्या पायाला एक्स-रे लागतो, शस्त्रक्रियेला नीट जागा लागते. त्यासाठी तालुक्याला मोठं सर्वचिकित्सालय हवंच. पण मावशींची गाय आजारी नव्हती. ती माजावर आली होती. पहाटेपासून हंबरत होती, काचेसारखा स्वच्छ सोट टाकत होती. सकाळी माज दिसला की संध्याकाळी गाय भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. माज टिकतो साधारण अठरा तास. तो हुकला की पुढचा एकवीस दिवसांनी. तोवर पेंड तेवढीच, वैरण तेवढीच, आणि पुढचं वेत तीन आठवडे लांबलेलं.

कुलपाआड काय बिघडतं, तेही पाहायला हवं. कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रांच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवतात. गाय खोड्यात उभी राहिली की कांडी बाहेर काढायची, 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये भरायची. सगळं झटपट आणि सराईत हातांनी. पण नायट्रोजन रोज थोडा थोडा उडत असतो. कॅन वेळेवर भरला नाही, तर एक दिवस तो कोरडा पडतो आणि आतली एकही कांडी कामाची उरत नाही. बाहेरून कॅन तसाच दिसतो.

गावात डॉक्टर असणं म्हणजे काय, हे 2022 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपी त्वचारोगाच्या त्या साथीची राज्यातली पहिली नोंद झाली. राज्यात गोवंश सुमारे 1 कोटी 40 लाख. लस टोचायला माणसं गोठ्यागोठ्यात गेली. कोणत्या वस्तीवर किती जनावरं, कुठली गाय लाथ मारते, कोणाच्या वासराच्या अंगावर गाठी आल्यात, हे रोज त्या वाटेने जाणाऱ्यालाच माहीत असतं.

मावशींनी 1962 लावला नाही. माजासाठी तातडीची गाडी मागायची त्यांना भीड वाटली. एखादी गाय कुठेतरी अडली असेल, तिला आधी मिळू दे, म्हणाल्या. खासगी रेतन करणाऱ्याला निरोप गेला. तो बुधवारी दुपारी आला, तेव्हा गाय शांतपणे रवंथ करत बसली होती. त्याने हात धुतले, चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारपासून एकवीस घरं मोजली आणि पेनाने गोल केला.