तळ्याकाठचे घर आणि आपण

मुंबईत पवई तलावाच्या काठी जी उंच व देखणी वसाहत उभी आहे, तिच्यात घर घेण्याची ऐपत आज आपल्या समाजातील काही कुटुंबांना आली आहे. ज्यांचे आजे गावकुसाबाहेर राहिले, त्यांची नातवंडे दहाव्या मजल्यावरून तलावाचे पाणी पाहतात, याचा आनंद कोणास होणार नाही?

असा थाट बौद्धास शोभत नाही, असे काही धम्मबांधव म्हणतात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली: न्यायाने मिळविलेले धन असणे, त्याचा उपभोग घेणे, ऋणमुक्त असणे आणि निर्दोष आचरण असणे. तेव्हा घर घेण्यात दोष नाही. मात्र कर्जाचे ओझे झेपेल तेवढेच घ्यावे आणि चौथ्या सुखाचा विसर पडू देऊ नये. आमचा प्रश्न या चौथ्या सुखाचाच आहे.

घर पाहावयास गेलेल्या माणसास दलाल आधी पूर्ण नाव विचारतो, मग आहार विचारतो. दोन्ही प्रश्नांचा रोख एकच असतो. दिल्ली परिसरात भाड्याचे घर शोधणाऱ्या दलितांना व मुसलमानांना केवळ ओळखीमुळे नकार मिळतो, हे सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, विहिरी, तलाव व रस्ते सर्वांस खुले केले; खाजगी घराचा उंबरठा त्या यादीत नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेची सभासदत्व पारशांपुरते राखणारी अट वैध ठरविली. म्हणजे तलावाकाठी फिरण्यास मोकळीक, परंतु तलावाकाठी राहण्यास मात्र परवानगी हवी!

या अपमानास भिऊन काहीजण आडनाव बदलतात, बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत हलवितात, मुलांना ‘जय भीम’ हळू म्हणावयास शिकवितात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु त्यांना एक विचारावेसे वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण जात सोडली की लपविली? सोडलेल्या वस्तूची भीती बाळगण्याचे कारण नाही. लपविलेली वस्तू मात्र आयुष्यभर राखत बसावी लागते.

१९१७ साली बडोद्यास नाव लपवून पारशी वसतिगृहात राहिलेल्या बाबासाहेबांना ओळख पटताच लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले, मगधाच्या राजधानीवरून त्याचे नाव ‘राजगृह’ ठेवले आणि ते ग्रंथांनी भरले. बडोद्यापासून दादरपर्यंतचा हा प्रवास आपण विसरता कामा नये.

आता तलावाची दुसरी बाजू पाहू. पवईच्या याच जमिनीसंबंधी १९८६ साली करार झाला, तेव्हा तेथे ४० व ८० चौरस मीटरची, सामान्यांना परवडणारी घरे व्हावयाची होती. झाल्या त्या मोठ्या सदनिका. अखेर २०१२ साली, आधी ही छोटी घरे बांधा, असे उच्च न्यायालयास सांगावे लागले. आणि ६ जून २०२४ रोजी, पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत असा शासनाचाच निर्णय असताना, तेथील जय भीम नगर जमीनदोस्त करण्यात आले. शेकडो कुटुंबे मुलाबाळांसह पदपथावर आली. ज्यांनी त्या इमारतींच्या विटा वाहिल्या व ज्या त्या घरांतील भांडी घासतात, अशांची ती वस्ती होती.

वरच्या मजल्यावरील बौद्धाने त्या दिवशी खिडकी लावून घेतली असेल, तर त्याचे सुख निर्दोष कसे म्हणावे?

म्हणून आमचे सांगणे असे. घर अवश्य घ्या, आणि दारावर स्वतःचे नाव लावा. नकार मिळाल्यास तो लेखी मागा. १९९० पासून अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायदा सामाजिक व आर्थिक बहिष्कारास गुन्हा मानतो. त्याचा आधार घ्या. संस्थेच्या सभेत बसा, आणि शेजारची वस्ती हटविण्याचा ठराव येईल तेव्हा विरोधात हात वर करा. वस्तीतील मुलांसाठी आपल्या दिवाणखान्यात आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवा.

महाडचे चवदार तळे कागदावर १९२४ सालीच खुले झाले होते. पाण्यास हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, आणि बाबासाहेब तेथे एकटे गेले नव्हते. तळ्याकाठी पोहोचलेल्या आपल्या बांधवांनी मागे वळून आपल्याबरोबर कोण आले आहे, हे एकदा पाहावे.